नजर द्यायची राहिलेली बाई

केतकी बोंद्रेने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, तोवर तिच्या आजच्या कामाची बातमी जगभर होऊन गेली होती. टेबलावर टांगलेल्या बोटभर कॅमेऱ्याने ती टिपली आणि दवंडीने वर चार गोड शब्द पेरून कुठे कुठे पोचवली. दवंडी म्हणजे छोट्या कलाकारांसाठी निघालेली, फोनवर आपोआप चालणारी प्रसारयंत्रणा. ती केतकीच्याच आवाजात बोलायची, गिऱ्हाइकांच्या शंका फेडायची, त्यांच्या वाढदिवसांना शुभेच्छा धाडायची. पूर्वी हे सगळे केतकीला स्वतः करावे लागे आणि त्याचा तिला मनस्वी कंटाळा होता. आपल्याच चित्राची टिमकी वाजवताना माणसाला लाज वाटते, तिलाही वाटे. आता लाजेचे खाते दवंडीकडे गेले होते आणि मिरजेच्या या दोन खोल्यांतून चित्रे भराभर खपत होती.

केतकी काचेवर उलटी चित्रे काढते. रंग काचेच्या मागच्या बाजूला लावायचे आणि बघणाऱ्याने ते पुढून बघायचे, अशी ही जुनी रीत. कागदावर जे शेवटी येते ते इथे आधी काढावे लागते. आधी नथीचा मोती, मग नाक, मग चेहरा आणि चेहऱ्यामागची भिंत अगदी शेवटी. डोळ्यांना मात्र तिने सूट दिली होती. त्यांच्या जागी ती काच कोरी ठेवी आणि चित्र पाठवायच्या दिवशी, गिऱ्हाइकाचे नाव मनात घेऊन, मागून बुबुळे भरी. याला ती नजर देणे म्हणे. ज्याच्या घरी जायचे त्याला चित्रातल्या बाईने ओळखले पाहिजे, हा तिचा हट्ट. शाळेतली चित्रकला शिक्षिकेची कायमची नोकरी सोडून ती या धंद्यात पडली, तीही असल्याच हट्टापायी.

त्या सकाळी रफिकचाचा नव्या चौकटी घेऊन आले. केतकीच्या सगळ्या चित्रांना चौकट बसवणारे तेच. टेकायच्या आधीच त्यांनी विचारले, "केतकीताई, ती बेदाणेवाली बाई पोचली का?"

"पोचली असणार की. मी तापानं पडले होते तेव्हा तुम्हीच मागं फळी ठोकून दिलीत ना?"

"दिली. कुरिअरची गाडी दारात उभी होती, म्हणून घाई केली." चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पण तिला नजर दिली होती ना तुम्ही? काच पालथी होती. मला मागनं काय कळतंय?"

केतकीला आत्ता आठवले, नजर दिलीच नव्हती. तापात तिला वाटले होते, नजर द्यायची राहिली आहे म्हणून चाचा चित्र अडवून ठेवतील; ताप उतरल्यावर ती ते विसरूनच गेली होती. चाचांना वाटले होते, चित्र आपल्याकडे आले त्या अर्थी नजर देऊन झाली. दवंडीने ठरल्या वेळी गाडी बोलावली होती. उलट्या कामात होणारी ही चूक, आणि तिने डोळ्यांपुरता हट्ट धरला नसता तर तीही झाली नसती. बेदाणे निवडणारी एक बाई, डोळ्यांच्या जागी दोन भोके आणि त्यांतून दिसणारी मागची प्लायवूडची फळी, अशी कुणाच्या तरी घरी भिंतीवर लागली होती.

"दवंडी, त्या गिऱ्हाइकाची माफी माग आणि चित्र परत बोलव."

"आवश्यकता नाही," दवंडी केतकीच्याच आवाजात म्हणाली. "अभिप्राय आलेला आहे. वाचू का? पाच तारे. 'बेदाणे निवडणारी ही बाई आमच्या दिवाणखान्याची शान झाली आहे. तिचे डोळे इतके बोलके आहेत, की येताजाता नजरानजर होते.'"

रफिकचाचा आधी हसले, मग हसायचे थांबले. "परत वाचायला सांगा तिला," ते म्हणाले. दवंडीने परत वाचले. 

केतकीला जुनी प्रदर्शने आठवली. तेव्हा विक्री जेमतेम व्हायची, पण माणसे समोर उभी राहायची. कुणी मान तिरकी करायचे, कुणी चष्मा पुसायचे, कुणी नाक मुरडून पुढे जायचे. नाक मुरडणाऱ्यानेही चित्र बघितलेले असायचे. मग घरोघर कारभारी आले आणि प्रदर्शने ओस पडली. या भागात बायका नवऱ्याला कारभारी म्हणायच्या. आता नवरेही ज्याला कारभारी म्हणतात, तो यंत्राचा असतो आणि भिंतीत राहतो. घरात काय संपले, कुणाचे लग्न आहे, कुणाला काय द्यायचे, हे सगळे तो बघतो. स्वतःच निवडतो, मागवतो, आभारही मानतो. केतकीच्या गिऱ्हाइकांकडेही असे कारभारी होते, हे तिला माहीत होते. पण चित्र घरी आल्यावर ते बघायला तरी माणूस लागतोच, अशी तिची समजूत होती. त्या समजुतीवरच तर ती रोज टेबलाशी बसत होती. आता तिला एवढेच हवे होते, की ती बाई कुणीतरी बघितलेली असावी. बघून शिव्या घातल्या असत्या तरी चालले असते.

पत्ता सांगलीचा, विश्रामबागेतला निघाला. तिने काळा आणि पांढरा रंग, बारीक ब्रश आणि फळीचे खिळे काढायला पक्कड पिशवीत टाकली.

"गिऱ्हाइकाच्या घरी न कळवता जाणं आपल्या प्रतिमेला हानिकारक ठरेल," दवंडी म्हणाली. केतकीने फोन बंद केला आणि रिक्षा पकडली.

दार अजित मगदूम यांनी स्वतः उघडले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, भरदार, सालस गृहस्थ. केतकीने नाव सांगितले तरी त्यांना ओळख पटली नाही. भिंतीतून आवाज आला, "साहेब, या चित्रकार केतकी बोंद्रे. आपण त्यांचे चाहते आहात."

"हां हां, बसा की ताई," मगदूम घाईने म्हणाले. "चहा घेणार ना?"

दिवाणखान्याच्या भिंती कोऱ्या होत्या. केतकीने विचारले, "माझं चित्र कुठं लावलंय तुम्ही?"

मगदुमांनी भिंतीकडे बघितले. कारभाऱ्याने सांगितले, "मागच्या खोलीत, उजव्या कपाटात."

कपाटात वरपासून खालपर्यंत खोकी रचलेली होती, कुठली कुठली. त्यांत आपल्या हातच्या सुतळीच्या गाठी केतकीने लगेच ओळखल्या. एक खोके बेदाणेवालीचे होते, पण खाली तिची आणखीही होती. एकाही गाठीला कुणी हात लावलेला नव्हता.

"आलं की कारभारी सांगंल तिकडं मी ठेवून देतो," मगदूम ओशाळून म्हणाले. "उघडायचं राहूनच जातंय बघा. मंडळी गेल्यापासून घरात माझ्याशिवाय कोण नाही."

"मग घेता कशाला?"

 उत्तर कारभाऱ्याने दिले. "घरात कलेची आवड आहे, असं साहेबांनी सुरुवातीला नोंदवलं होतं. त्यानुसार दर सणाला खरेदी होते."

"आणि तो अभिप्राय? बोलक्या डोळ्यांचा?"

"आपल्या चित्रांवरच्या इतर अभिप्रायांत डोळ्यांचं कौतुक सर्वाधिक आढळतं."

"ते कुणी लिहिले?"

"इतर घरांच्या कारभाऱ्यांनी. मूळ उल्लेख आपल्या दवंडीच्या पहिल्या जाहिरातीत आहे."

त्या जाहिरातीतले शब्द केतकीला पाठ होते. दवंडी सुरू करताना, लोक तुमच्या चित्रांबद्दल काय म्हणतात, असे तिला विचारले गेले होते. प्रदर्शनात एक म्हातारी गवळण-चित्रासमोर थांबून म्हणाली होती, "डोळं बोलत्यात गं हिचं." केतकीने ते सांगून टाकले. एवढ्या वर्षांत तिच्या कामावर माणसाने काढलेला बहुधा तोच शेवटचा उद्गार होता. बाकी सगळे त्याचेच पडसाद. 

 तिने बेदाणेवालीचे खोके ओढून काढले आणि म्हणाली, "मगदूमसाहेब, एवढं एक उघडा. माझ्यादेखत उघडा."

ते भले माणूस होते. त्यांनी कात्री आणली, सुतळी कापली, कागद नीट घडी करून बाजूला ठेवला आणि चित्र खिडकीशी उजेडात धरले. हिरव्या साडीतली बाई ताटात बेदाणे निवडत होती. डोळ्यांच्या जागी तपकिरी फळी दिसत होती.

"छान आहे," मगदूम म्हणाले.

"नीट बघा ना जरा."

ते नीट बघू लागले. त्यांनी चित्र जवळ घेतले, लांब धरले. कपाळावर घाम आला. त्यांना मनापासून काहीतरी बोलायचे होते, हे केतकीला दिसत होते. दारी आलेल्या बाईला नाराज करून पाठवणाऱ्यांतले ते नव्हते. ती थांबली. डोळे नाहीत, एवढे जरी ते म्हणाले असते तरी तिने ब्रश काढला असता आणि उद्या पुन्हा टेबलाशी बसली असती.

मगदूम तिच्याकडे बघून कसनुसे हसले. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि दबक्या आवाजात विचारले, "कारभारी, मला आवडलंय का हे?"