नस्सीम बरोबरी मागतो

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्यासमोर, आमच्याच घरात.

अल्जीरियातलं अन्नाबा शहर. गेल्या सप्टेंबरातला शुक्रवार. भर दुपार.

बुधवारी रात्री माझा धाकटा भाऊ नस्सीम चोरून होडीत बसला होता. समुद्रापलीकडे इटलीच्या सार्डिनिया बेटावर जायला. बाबांनाही न सांगता. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी.

निघण्याआधी त्याने बाबांसोबतच्या डावात चाल केली होती. फोनवरचं बुद्धिबळ. एका चालीला आठवडाभराची मुदत.

हरायला लागला की नस्सीम बरोबरीचं बटण दाबत सुटायचा. बाबा भडकायचे.

"अरे, आधी चाल करायची, मग विचारायचं. तेही एकदाच! दाराची बेल आहे का ही?"

"मग घ्या ना बरोबरी! या वयात एवढा हावरटपणा शोभतो का, बाबा?"

त्या शुक्रवारी ताटातलं कुसकुस गार होत होतं. कुणीच घास घेतला नव्हता.

आणि... बाबांचा फोन वाजला.

नस्सीमकडून बरोबरीचा प्रस्ताव.

"पोहोचला!" बाबा ओरडले. त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'कुठे आहेस रे?'

उत्तर नाही.

थोड्या वेळाने... पुन्हा प्रस्ताव.

"बघ वहीबा, गाढव सुधारलं नाही!" बाबा मला म्हणाले. हसत होते. डोळे पुसत होते.

सोमवारी पोलिसांनी बोलावलं. किनाऱ्याला लागलेलं प्रेत आमच्या नस्सीमचं होतं.

डॉक्टर म्हणाले, "बुधवारी रात्रीच बुडालाय."

खिशातला फोन त्यांनी पिशवीत घालून दिला. फुटलेला. मेलेला.

मंगळवारी बाबा त्याला पुरून घरी आले. पिशवी टेबलावर होती.

बाबांचा फोन वाजला...

आणि पिशवीतला तो मेलेला फोन थरथरला. टेबलावरून पाण्याचा ओघळ आला.

बरोबरीचा प्रस्ताव.

"कुणीतरी त्याचं खातं चोरलंय, बाबा." माझाच आवाज मला खोटा वाटला.

बुधवारी संध्याकाळी बाबांच्या चालीची मुदत संपणार होती. बाबा दिवसभर पटाकडे बघत बसले.

"एका चालीत मात आहे," ते म्हणाले. "केली तर डाव संपतो. नाही केली, तर मुदत संपून संपतो. बरोबरी घेतली तरी संपतोच. मग माझ्याकडे त्याचं काय उरलं गं?"

"घ्या, बाबा. एवढा मागतोय. द्या त्याला."

बाबांनी अंगठा ठेवला. "जा, बाळा."

डाव बरोबरीत सुटला.

रात्रभर फोन गप्प होता. खरंच गेला, असं वाटलं.

सकाळी मी कॉफी ओतत होते...

फोन वाजला.

तोच डाव. संपलेला. नस्सीमकडून बरोबरीचा प्रस्ताव.

खाली 'स्वीकारा'चं बटणच नव्हतं. संपलेल्या डावात ते नसतंच.

"दिली ना रे... दिली ना तुला!" बाबा कोऱ्या काचेवर अंगठा दाबत होते.

आम्ही त्याचं खातं बंद करून घेतलं. बाबांचा फोनही बदलला.

आज हे लिहिताना दोनदा वाजलाय. बाबा आता कुणाशी बोलत नाहीत. पलीकडच्या खोलीत काचेवर अंगठा दाबत बसलेत.