डाव्या हाताचा चाकू

दिवाकर वझलवार यांनी जन्मात कुठली वस्तू पाहिल्याबरोबर विकत घेतली नव्हती. चौतीस वर्षं रेल्वेच्या भांडारात आलेला माल तपासण्यात गेली होती. बोल्ट असोत, साखळ्या असोत की कंदील, आधी खोट शोधायची आणि सापडली नाही तरच सही करायची. सेवानिवृत्त झाले तरी बोटांची सवय गेली नाही. भाजीबाजारात वांगंसुद्धा ते पाना हातात घ्यावा तसं फिरवून बघत.

म्हणून त्या सोमवारी भैय्यालालच्या दुकानात ते अर्धा तास उभे राहिले, याचं भैय्यालालला काही वाटलं नाही. रायपूरच्या तात्यापारा वस्तीच्या तोंडाशी त्याचं लोखंडी सामानाचं दुकान. काउंटरवर मळक्या फडक्यावर त्यानं चाकू ठेवला होता. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आणि मुठीतून नखानं ओढून काढायचं पातं. पातं सरळ नव्हतं. चोचीसारखं आत वळलेलं होतं.

"कलम का है बाबूजी," भैय्यालाल म्हणाला. "एकच पीस आहे. पेटीत निघाला."

दिवाकररावांनी चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. कमान चांगली ताठ होती. पात्याला आडवी हालचाल नव्हती. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण जात होतं, खिशात ठेवलं तर शर्ट फाटणार नाही. पोलादावर नखानं टिचकी मारली तर आवाज स्वच्छ आला. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून धार डोळ्यांशी धरली, आणि खोट सापडली. धार एकाच बाजूनं लावली होती, हे ठीक. कलमाच्या चाकूला तशीच लावतात. पण ती उलट्या बाजूला होती.

"धार चुकीच्या अंगानं आहे," ते म्हणाले.

भैय्यालालनं पाहिलं. "चुकीची नाय बाबूजी. डावरे हाथ का होगा."

दिवाकररावांनी धार पुन्हा उजेडाकडे धरली. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई डावखुऱ्या होत्या.

त्या माघात गेल्या. आता आषाढ सरत आला होता. छत्तीसगड राज्य वेगळं होऊन पाचवं वर्ष लागलेलं, रायपूरला राजधानीचं वारं चढलेलं, आणि दिवाकररावांच्या घरासमोरचा रस्ता रुंद व्हायचा होता. अंगणाचा पुढचा पट्टा त्यात जात होता. त्या पट्ट्यातच आंबा होता. बुंध्यावर चुन्यानं आकडा घालून माणसं निघून गेली, त्याला पंधरा दिवस झाले होते. पुढल्या शुक्रवारी झाड पडणार होतं.

आंबा मंदाकिनीबाईंनी काटोलहून, माहेरून आणलेल्या कोयीचा. फळ पिकलं तरी साल हिरवीच राही. पाहुणा कैरी समजून बाजूला ठेवायचा आणि बाई हसायच्या. असा आंबा कुठल्या रोपवाटिकेत मिळणार नव्हता, आणि कोय लावून तसाच निघेल याचा भरवसा नव्हता. कलमच करायला हवं होतं. त्यासाठी बाईंनीच मागल्या पावसाळ्यात तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत सात गावठी रोपं करून ठेवली होती. वर्षभरात ती पेन्सिलीएवढ्या जाडीची झाली. ज्या हातांनी त्यांच्यावर कलमं बांधायची, तेच हात राहिले नव्हते.

"शिकून घ्या ना एकदा," त्या दरवर्षी म्हणायच्या. "माझ्यामागं कोण करीन?"

"तू आहेस ना. मग काहून शिकू?" हे दिवाकररावांचं ठरलेलं उत्तर.

बाईंचा जुना चाकू दिवाकररावांनीच घालवला. तेराव्यानंतर घरात तिची वस्तू दिसली की छातीत कळ यायची, म्हणून पिशव्या भरभरून देऊन टाकल्या. कोणत्या पिशवीत चाकू गेला ते कळलंही नाही. मुलगी राधिका चौबे कॉलनीत राहायची. ती म्हणाली, "बाबा, माली को बुला लेते हैं ना." पण दिवाकररावांना माळी नको होता. आता निदान एवढं तरी स्वतः करायचं, असं त्यांनी धरलं होतं.

काउंटरपाशी उभ्यानंच त्यांनी खिशातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली आंब्याची काडी काढली. चाकू घ्यायचा तर ज्या कामासाठी घ्यायचा त्यावरच तो पारखायचा. उजव्या हातानं त्यांनी काडीला पाचरीसारखा उतार द्यायचा प्रयत्न केला. पातं आत रुतलं, काडी तिरपी फाटली.

"माझ्या हाताचा नाही," ते म्हणाले. "पाहतो. विचार करून सांगतो."

"हव बाबूजी."

चार वाजता ते रोपांना पाणी घालायला गेले. भिंतीकडचा पहिला डबा उचलताना हात थांबला. रोपाचा शेंडा नव्हता. त्या जागी मोठ्या आंब्याची काडी नीट बसवलेली, दुधाच्या रिकाम्या पिशवीची पट्टी आवळून बांधलेली. पट्टीची गाठ मागल्या बाजूला होती, शेवटचा पदर आतून ओढून घेतलेला.

त्यांनी राधिकेला फोन लावला.

"माळी पाठवला होता का तू?"

"नहीं तो. काहून, काय झालं?"

"काही नाही."

शेजारच्या अर्चनाबाईंना विचारलं. फाटक दुपारभर वाजलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. दिवाकररावांनी कुलूप तपासलं, भिंतीवरची काच तपासली. सगळं जिथल्या तिथं होतं.

मंगळवारी ते पुन्हा दुकानात गेले. धारेची बाजू सोडली तर चाकू चांगला होता, आणि दोन ठिकाणी चौकशी करून दुसरा मिळाला नव्हता. भैय्यालालनं फळीवरून मेणकागदाची पुडी काढून दिली. दिवाकररावांनी ती सोडली. पातं हाताला कोमट लागलं.

"कुणी पाहिला का हा?"

"कोन देखेगा? काल तुम्ही दिला, मी ठेवला."

दुकानात पंखा होता, फळी सावलीत होती. लोखंडाचे बाकीचे जिन्नस थंड होते. दिवाकररावांनी एका छिन्नीला हात लावून खात्री केली. मग चाकू दोन वेळा उघडला, मिटला, आणि उद्या सांगतो म्हणून निघाले.

घरी दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात कलम झालं होतं.

त्यांनी ओसरीवर खुर्ची आणून ठेवली आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. मग उठून तिसऱ्या रोपाची पट्टी सोडली. त्यांना आतलं काम बघायचं होतं. माल उघडल्याशिवाय कळत नाही, हा त्यांचा धर्म. काप आरशासारखा गुळगुळीत होता आणि ओला होता. पातं कोणत्या अंगानं फिरलं ते त्यांना सहज कळलं. चौतीस वर्षं मालावरच्या अशाच खुणा वाचल्या होत्या. डावीकडून. त्यांनी काडी परत बसवायचा प्रयत्न केला, पट्टी गुंडाळली, पण जोड हलला तो हललाच. दोन दिवसांत ती काडी काळी पडून वाळली. तिच्या हातचं काम होतं, आणि आपण ते तपासायला म्हणून उघडून मारलं, हे त्यांच्या मनातून गेलं नाही.

बुधवारी ते दुकानात गेले नाहीत. दिवसभर डब्यांसमोर बसले. जेवण तिथंच घेतलं. काही झालं नाही. डबे जसेच्या तसे.

गुरुवारी सकाळी गेले. चाकू उघडून पाच मिनिटं हातात धरला, परत दिला आणि रिक्षा करून तडक घरी आले. चौथा डबा झाला होता. पट्टीवर पाण्याचे थेंब होते. कुणीतरी बांधून झाल्यावर हात ओला करून पाणी शिंपडलं असावं. मंदाकिनीबाई तसं करायच्या.

यानंतर त्यांनी कारण शोधणं सोडून दिलं. भीतीही वाटेनाशी झाली. वाटायचं ते वेगळंच. सकाळी दाढी करताना त्यांना कुणाला तरी भेटायला जायचं आहे असं वाटायचं. शुक्रवार, शनिवार, दोन्ही दिवस ते इस्त्रीचा सदरा घालून तात्यापाऱ्याच्या तोंडापर्यंत चालत गेले. काउंटरवर कोपर टेकून पातं हळूच बाहेर काढायचं, त्याची ऊब अंगठ्याला लागू द्यायची. भैय्यालालला दाखवायला म्हणून कमान, पितळ, मूठ यांवर काहीतरी बोलायचं. घ्यायचा की नाही ते ठरवायचं नाही. ठरलं की संपलं, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.

पाचवा आणि सहावा डबाही झाला. सोमवारी सातवा झाला. रोपं संपली.

मंगळवारी राधिका आली. झाडाला एकदा बघून घ्यावं म्हणून आली होती. डब्यांपाशी वाकली आणि तशीच राहिली. एका पट्टीवरून तिनं बोट फिरवलं.

"बाबा, हे तुम्ही केलं?"

दिवाकरराव पाण्याची झारी धरून उभे होते.

"बिलकुल आईसारखं बांधलंय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गाठ पण पीछे. कधी शिकले तुम्ही? आईला कित्ती वाटत होतं."

"शिकून राहिलो," ते म्हणाले. यापेक्षा खरं त्यांना काही सुचलं नाही.

"एक सूख गया."

"तो माझ्या हातानं गेला."

शुक्रवारी सकाळी करवत आली. दिवाकररावांनी माणसांना फाटक उघडून दिलं, पाणी पाजलं आणि पायांत चपला घातल्या. पहिली फांदी पडल्याचा आवाज त्यांना गल्लीच्या वळणावर ऐकू आला. त्यांनी मागं पाहिलं नाही.

भैय्यालालनं पुडी काढून ठेवली, पण हात तिच्यावरून उचलला नाही.

"बाबूजी, अभनपूरचा एक नर्सरीवाला आला होता. त्याचा पोट्टा डावरा आहे. तो म्हणतो देऊन टाक. मी म्हटलं, एक बाबूजी रोज बघून राहिले. आज आप बता दो. लेना है, नहीं लेना है."

"पाहू दे एकदा."

त्यांनी पुडी सोडली. या वेळी, का ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही, चाकू डाव्या हातात घेतला. मूठ तळव्यात अशी बसली की जणू त्या हाताचं माप घेऊन घडवली होती. वळलेलं पातं त्यांच्या छातीकडे तोंड करून राहिलं. धार बरोबर बाजूला आली. पहिल्या दिवशी सापडलेली खोट कुठं उरलीच नाही.

पातं फक्त कोमट नव्हतं. गरम होतं.

घ्यावा का? नेऊन कपाटात ठेवावा, तिच्या लुगड्यांच्या रिकाम्या खणात? पण घरी नेलेला चाकू हा नुसता चाकू होईल, असं त्यांना वाटलं. आणि उघडायचा तरी कशासाठी? डबे संपले होते. कलम बसवायला घरात आता काही उरलं नव्हतं.

असा विचार करत ते बराच वेळ उघडं पातं धरून उभे राहिले. मग त्यांनी ते मिटलं.

"चांगला आहे," ते म्हणाले. "एक नंबर माल आहे. त्या पोट्ट्याले दे."

"पक्का?"

"हव."

घरी पोचले तेव्हा अंगणात इतका उजेड होता की त्यांना क्षणभर दुसऱ्याचं घर वाटलं. खोड ट्रकमधून गेलं होतं. भुसा होता, पाला होता. त्यांनी सहा डबे मागल्या पडवीत सावलीला नेऊन ठेवले. जेवावंसं वाटलं नाही. पलंगावर आडवे झाले आणि डोळा लागला.

जाग आली ती हात जड झाल्यामुळे.

पाच वाजले असावेत. खिडकीतून ऊन सरळ आत आलं होतं. सदऱ्याची डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. नीट, घडी घालून.

मनगटाच्या वर दुधाच्या पिशवीची पट्टी आवळून बांधली होती.

दुखत नव्हतं.

रक्त नव्हतं. पट्टीवर पाण्याचे दोन-तीन थेंब होते. गाठ मागच्या बाजूला होती.

त्यांनी उजव्या हाताचं बोट पट्टीवर ठेवलं. खाली काडीएवढं काहीतरी, मांसात तिरपं बसलेलं.

ते उघडून पाहायची त्यांना इच्छा झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा झाली नाही. त्यांनी बाही हळूच खाली ओढली, गुंडी लावली आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडले. माघापासून ते रडले नव्हते.

श्रावणात राधिका त्यांना चौबे कॉलनीत घेऊन गेली. सहा डबेही गेले. सहाही कलमं लागली, तांबूस पालवी आली. दिवाकरराव गॅलरीत पूर्वेच्या उन्हात खुर्ची टाकून बसत. उकाड्यातही पूर्ण बाहीचा सदरा घालत. पाणी मात्र फार पीत. राधिका सकाळी भरून ठेवलेला तांब्या दुपारच्या आत रिकामा झालेला बघायची आणि साखरेची तपासणी करून घेऊ म्हणायची. ते हसून टाळायचे. जावई म्हणाला, बाबा इथं आल्यापासून त्यांच्या अंगावर तेज आलं.

भाद्रपद लागला, तेव्हाची गोष्ट. राधिका दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं वडिलांचा सदरा उलटा करून उजेडात धरला.

"बाबा, ये दाग जाच नहीं रहा. तीन बार धोया. फक्त डाव्या बाहीला, आतून."

दिवाकररावांनी खुर्चीतून पाहिलं. मनगटाशी तपकिरी, कडेला काळपट होत गेलेला डाग होता.

राधिकेनं तो नाकाशी नेला. तिच्या कपाळावर आठी आली. बाजारातून आंबा जाऊन दोन महिने झाले होते.

"चीक आहे," ती म्हणाली. "कैरीचा."