उजव्या हाताची जागा

मुलगा दारात उभा होता. आईच्या मांडीवर त्याचे जुने मेंडोलिन होते, तिच्या डाव्या हाताची बोटे पडद्यांवरून सरकत होती, दाबत होती, थबकत होती... पण सूर एकही उमटत नव्हता, कारण उजवा हात गुडघ्यावर निपचित पडला होता!

"साठीत हे काय खूळ?" शेवटी तो म्हणाला. "आणि वाजवायचं तर वाजव तरी! की मला चिडवतेस?"

"शिकवणीचे मास्तरही असेच ओरडतात," ती कसनुसे हसली. "म्हणतात, आजी, वाद्य काय नुसतं कुरवाळायला घेतलंय?"

तो हसला नाही. पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या यंत्राने त्याच्या डाव्या हाताची तीन बोटे नेली, तेव्हापासून तो या घरात हसलाच नव्हता. आपल्याला वाजवणे सोडायला लावून तिथे कुणी धाडले, असे त्याने वडिलांच्या पश्चात विचारले, तेव्हा "माझंच ठरलं होतं" एवढेच ती म्हणाली होती. आणि तो अबोला, ते तुटक शब्द ती निमूट सोसत आली होती.

"उजवा हात शिकून मी काय करू?" ती हळूच म्हणाली. "तो तुझा आहे ना... शाबूत!"

तो आत येऊन तिच्या मागे पलंगावर बसला, तिच्या काखेखालून हात पुढे काढून त्याने तारांवर नखी टेकवली. ती दाबत गेली, तो छेडत गेला. सूर खरखरले, अडखळले...

"अगं, जोडीतल्या दोन्ही तारा दाब! जोरात!" तो पूर्वीच्याच तोऱ्यात खेकसला, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. त्याचीच धून होती ती. वडिलांना खपत नसे म्हणून ते घरात नसतानाच वाजवलेली!

मध्येच त्याचा हात थांबला.

"तुला अख्खी पाठ आहे..." तो म्हणाला. "म्हणजे तू दाराआडून ऐकायचीस! आई, मला कारखान्यात घालायचं, ते खरंच तुझं ठरलं होतं? की बाबांचं?"

अपघातानंतर मुलाच्या उशाशी बसून झुरत झुरत गेलेला तो बाप... तेवढाच तर मुलाने मनात जपून ठेवला होता! तिने मेंडोलिन अलगद त्याच्या मांडीवर ठेवले, सुजलेली बोटे मुठीत मिटली, आणि ती खोलीबाहेर निघून गेली.