मधलं पाणी

भोरच्या वेशीबाहेरचं तळं उथळ. म्हशी बसल्या तरी पाठी कोरड्या राहायच्या. अडतीस साली मोजणी कारकून गंगाधरपंतांनी त्याचा नकाशा केला आणि सगळीकडे पाणी दोन फूट लिहिलं.

मध्यावर मात्र त्यांचा बांबू तळाला लागलाच नव्हता. लांब बांबू आणायचा तर पुन्हा यावं लागणार, आणि आभाळ भरून आलेलं. त्यांनी तिथंही दोन फूटच लिहून टाकलं.

पुढच्या श्रावणात गवताचा भारा घेऊन तळ्यातून येणारी चंद्राबाई मध्यावरच बुडाली.

पंत वर्षभर तिकडं फिरकले नाहीत. मग एका दुपारी तिचा नवरा कुंडलिक दारात आला.

"पंत, घडीभर तळ्यावर येता? एक इचारायचं हाय."

नाही म्हणवेना. दोघं पाण्यात उतरले. बोटांमधून गाळ वर येत होता, शेवाळाचा वास सुटला होता. मध्यावर कुंडलिक थांबला. पाणी त्याच्या गुडघ्याखालीच होतं; गेल्या पावसात खड्डा गाळानं बुजून गेला होता.

"हितं घावली ती. एवढ्याशा पान्यात मानूस कसं बुडंल? त्या सकाळी म्या तिला लई टाकून बोललो व्हतो. तिनं जीव दिला, आसं समदे म्हनत्यात." तो पाण्याकडे बघत राहिला. "तुमी मोजलं व्हतं. हितं खड्डा व्हता का?"

'होता' एवढंच म्हणायचं होतं. पंतांना नोकरी आठवली, गावातला मान आठवला.

"नव्हता," ते म्हणाले. "दोनच फूट."

कुंडलिकनं मान खाली घातली. "मंग माजंच पाप."

पंतांच्या मांड्यांना गार लागलं. पाय रुतले नव्हते, तळ घट्ट होता. पाणी मात्र चढत होतं. हातभरावर उभ्या कुंडलिकचे गुडघे अजून कोरडेच.

पाणी कमरेला आलं.

मग छातीला.

"काय झालं, पंत?" त्याला काहीच दिसत नव्हतं.

पंत धडपडत काठाला लागले. धोतर पिळायला घेतलं, तर ते गुडघ्याच्या वर कोरडं होतं.

घरी त्यांनी ओलं धोतर बदललं. दिवेलागणीला ते उठले आणि तडक कुंडलिकच्या घरी गेले. तो उंबऱ्यात बसला होता.

"कुंडलिक, ऐक. तो खड्डा..."

पुढचा शब्द फुटलाच नाही. तोंड गार, शेवाळलेल्या पाण्यानं भरलं होतं. पंतांनी ते थुंकलं. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा भरलं.

कुंडलिक नुसता त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होता. मग घाईनं आत जाऊन तो तांब्या घेऊन आला.

"घसा कोरडा पडलाय तुमचा," तो म्हणाला. "पानी प्या, पंत."