अकरा रुपये वीस पैशांची कबुतरं

पत्र्याच्या छपरावर एकतीस कबुतरं होती. राखाडी अठरा, पांढरी सात, ठिपक्यांची पाच आणि तांबूस एक. पहिल्या मोजणीत तीसच भरली होती, कारण ते तांबूस तेव्हा माझ्या डोक्यावर बसलेलं होतं.

छपराखाली एक सायकल, पाण्याचं घमेलं, झाकण असलेला पत्र्याचा पिंप, आणि दारात एक माणूस. माणूस हसत होता.

"हालू नका," तो म्हणाला. "नवीन माणूस आवडला का ते डोक्यावरच बसते."

"आणि नाही आवडला तर?"

"तरी बसते. पण मंग साडी खराब होते."

साडी खराब झाली नाही. मी हळूच खाली वाकले, त्यानं दोन्ही हातांनी ते कबुतर उचललं. त्याच्या बोटांना धान्याचा वास येत होता. इतक्या जवळून दुसऱ्या कोणाच्या बोटांचा वास मी तोवर घेतला नव्हता... पण ते फॉर्मात लिहिण्यासारखं नव्हतं.

पंच्याहत्तर सालचा जानेवारी होता. मी आदल्या वर्षी बी.एस्सी. झाले होते आणि नोकरी मिळेपर्यंत कॉलेजच्या एका सर्वेक्षणाचं काम करत होते. लोक आपल्या छंदावर महिन्याला किती खर्च करतात आणि तो आधी ठरवून करतात की नाही, एवढंच विचारायचं. फॉर्मच्या माथ्यावर माझं नाव आणि घरचा पत्ता, खाली प्रश्न. घरामागे दीड रुपया आणि एका खेपेचं बसभाडं. मी राहायची कामठीला, माझ्या वाट्याला आलं होतं शहराच्या दुसऱ्या टोकाचं वाडी. म्हणजे ट्रकांची धूळ, गोदामं आणि भाड्याच्या खोल्या.

हे सत्तेचाळिसावं घर. आधीच्या सेहेचाळीस घरांत मी एक गोष्ट शिकले होते. छंदाच्या खर्चाबद्दल कोणी खरं सांगत नाही. नवरा "पाचेक रुपये" म्हणतो आणि त्याच्या पाठीमागून बायको बोटांनी पंधरा दाखवते.

"नाव?"

"रुपराव वासनिक."

"घरातल्या माणसांची संख्या?"

"एक." त्यानं वर पाहिलं. "छपरावरचे धरता का?"

"नाही. काम?"

"इथंच, धान्याच्या गोदामात. काट्यावर बसतो. येणारं-जाणारं पोतं तोलतो. पगार दोनशे दहा."

"छंद कबुतरांचा. खर्च महिन्याला?"

"अकरा रुपये वीस पैसे."

मी पेन थांबवलं. सेहेचाळीस घरांत एकानंही पैसे सांगितले नव्हते. सगळे दहा, वीस, पंधरा. इतकं नेमकं उत्तर एक तर फार प्रामाणिक माणूस देतो, नाही तर...

"आधी ठरवता?"

"हाव. बारा रुपये. चहा सोडला, त्याचेच बारा. ऐंशी पैसे उरते."

"त्यांचं काय करता?"

"ते नाही सांगत." पुन्हा ते हसू.

"एक कबुतर दिवसाला किती खातं?"

"तीस ग्राम. मोजूनच देतो जी. काट्यावरचा माणूस आहो."

परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडला. एकतीस कबुतरं, तीस ग्रॅम, तीस दिवस... जवळजवळ अठ्ठावीस किलो. ज्वारी बाजारात पावणेदोन रुपये किलो. एकोणपन्नास रुपये! त्यानं सांगितले अकरा वीस. सदतीस रुपये ऐंशी पैशांचं धान्य येत कुठून होतं?

आणि तो बसत होता धान्याच्या गोदामात, काट्यावर.

मी खिडकीबाहेर पाहिलं. संत्र्यांच्या हातगाड्या मागे जात होत्या. एवढं छान हसणारा माणूस चोर निघावा, याचा मला राग का यावा, हे मला कळेना.

सर्वेक्षणाचं काम पाहणारे मनोहरराव फॉर्म वाचून म्हणाले, "शेऱ्याचा रकाना रिकामा का?"

"आकडा पटत नाही सर."

"मग 'संशयास्पद' लिहा. धान्याच्या गोदामातला माणूस आहे, मी स्वतः मालकाला जाऊन विचारतो."

मला मालकासमोर उभा असलेला रुपराव दिसला. काट्यावरच्या माणसाबद्दल एक शब्द पुरे, संध्याकाळपर्यंत नोकरी जाते. आणि मी काहीच लिहिलं नाही, अन् तो खरंच चोर असला, तर माझा फॉर्म खोटा.

"महिनाअखेरपर्यंत द्या सर. पुन्हा तपासते."

"तपासा. पण दुसऱ्या खेपेचं भाडं मिळत नाही हो."

दुसऱ्या खेपेला मी कारण शोधून गेले. "घरातल्या माणसांची संख्या विचारायची राहिली होती."

"लिहिली होती ना तुमी. एक." त्यानं माझ्या हातातल्या फॉर्मकडे बोट दाखवलं. "हे पाहा."

मी लाजले, पण माझे डोळे पिंपाकडे होते. मी आल्याबरोबर त्यानं त्याचं झाकण लावलं होतं. मी काही बोलायच्या आत वर दगडही ठेवला.

"उंदीर," तो म्हणाला.

एवढ्या कबुतरांत उंदीर? मी मनात नोंद केली.

त्यानंतरच्या रविवारी तो मला कामठीत दिसला. बसस्टँडपाशी, सायकलच्या कॅरिअरवर झाकलेली टोपली घेऊन. अर्ध्या तासानं तीच सायकल परत गेली, टोपली मोकळी होती. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. भरलेली येते, रिकामी जाते. बाजारात चोरीचा माल विकायचा असेल, तर माणूस आपल्या वाडीपासून लांबच येणार ना?

तिसऱ्या खेपेला मी सरळ विचारलं, "कामठीत तुमचं कोणी आहे?"

तो कबुतरांना दाणे टाकत होता. हात थांबला. "नाही जी... अजून नाही."

"अजून नाही म्हणजे?"

"म्हणजे अजून नाही. तुमचा फॉर्म लय लंबा आहे बाप्पा! हा प्रश्न कोणत्या पानावर आहे?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चोराच्याही होतात. तो पाणी आणायला आत गेला, तेव्हा मी परातीतलं मूठभर धान्य रुमालात बांधलं आणि पर्समध्ये टाकलं. हृदयाचे ठोके मोजता आले असते, पण घड्याळाकडे पाहायची हिंमत झाली नाही.

घरी अंगणात उन्हात बसून मी ते धान्य निवडलं. आईनं विचारलं, "काय करून राहिली वं?" मी म्हटलं, "प्रयोग." ज्वारी नऊशे बारा दाणे. गहू दोनशे अडतीस. तांदूळ एकशे ऐंशी. तूर एकेचाळीस. खडे एकशे नऊ. आणि शर्टाचं पांढरं बटण, एक.

मी बराच वेळ त्या पाच ढिगांकडे बघत राहिले. पोत्यातून चोरलेलं धान्य एकाच जातीचं असतं. चोर काही खडे निवडून घेत नाही. चार जातींचं धान्य, खडे आणि बटण हे सगळं एकत्र कुठे येतं?

जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोदामाच्या मागच्या दाराशी उभी होते. ट्रक रिकामा होऊन गेला होता. एक म्हातारी बाई फरशी झाडत होती आणि झाडलेलं चाळणीनं चाळत होती.

"मावशी, हे चाळलेलं कुठं जातं?"

तिनं चाळणी खाली ठेवली. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू कोन वं? सरकारची हायस का मालकाची?"

"कोणाचीच नाही. रुपरावांच्या कबुतरांचं विचारते आहे."

"त्याचं काय?" आवाज आणखी कडक झाला.

"लोक म्हणतील, तो धान्य चोरतो."

"कोन म्हनते?" तिनं झाडू उचलला. "नाव सांग त्याचं!"

मी नाव सांगितलं नाही.

त्या म्हातारीचा, पंचफुलाबाईचा, राग उतरायला दोन मिनिटं लागली. मग तिनं सांगितलं. पोती फुटतात, दाणे सांडतात, ते झाडलेलं, म्हणजे झाडन, झाडणाऱ्या बायांचं, हा तिथला जुना रिवाज. आधी त्या ते म्हशीवाल्यांना फुकट द्यायच्या. रुपराव पहिला माणूस, ज्यानं भाव दिला. चाळीस पैसे किलो, आणि तोलताना काटा बायांकडे झुकता.

"पन हे बोलाचं नाही पोरी. मालकाले समजलं का झाडनाले भाव आहे, तर उद्यापासून तो झाडन बी विकन. आमच्या हातात काय रायते मंग?"

अठ्ठावीस किलो, चाळीस पैसे. मला कागद लागला नाही. अकरा रुपये वीस पैसे.

मी तिथून निघाले ती सरळ त्याच्या खोलीवर. तो गोदामातून नुकताच आला होता, छपराला टेकवलेल्या शिडीवर उभा. मी पर्समधून बटण काढून तळहातावर ठेवलं.

"हे तुमच्या कबुतरांच्या जेवणात सापडलं. झाडनाचं मावशींनी सांगितलं."

तो शिडीवरून उतरला. बटण उचललं, आपल्या शर्टाच्या वरच्या, बटण तुटलेल्या जागी धरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमीच नेलं!"

"काय?"

"त्या दिवशी परातीत पन्नास ग्राम कमी भरलं. मी तीनदा तोललं. म्हणलं, काट्यात खोट आली का काय." तो आता मोकळा हसत होता. "मी तुमाले चोर वाटलो ना? अन् चोरी केली कोण?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. "तुम्हाला माहीत होतं... मला संशय आहे ते?"

"घरात एक माणूस आहे हे विचाराले कोणी दोनदा येते का जी? मी सांगितलं असतं. पण मावशीची गोष्ट होती, म्हणून तर पिंपावर दगड. ती काही माझी नाही."

मी तिथेच, सायकलच्या सीटवर फॉर्म ठेवून, शेऱ्याचा रकाना भरला. 'उत्तर तपासले. बरोबर.' धान्य कुठून येतं, तो प्रश्न फॉर्मात नव्हताच.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुमचं कॉलेज एका घराच्या किती खेपांचे पैसे देते?"

"एका."

"अन् ही कितवी?"

"चौथी."

"मंग तीन खेपा कोणाच्या?"

मी फॉर्मकडे पाहत राहिले. "माझ्या."

"जायचे एक दहा, यायचे एक दहा..." तो बोटं मोजत होता. "सहा रुपये साठ पैसे. आधी ठरवून खर्च केला, का असाच?"

"असाच," मी म्हणाले. ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात.

वर कबुतरं घुमत होती.

"पण कामठीला का येत होता?" एक शंका उरली होती, आणि ती मला तशीच घरी न्यायची नव्हती. "टोपली घेऊन, दोन रविवार?"

"चार. दोनदा तुमी पाहिलं नाही." तो आत गेला आणि झाकणाची ती वेताची टोपली घेऊन आला. "ऐंशी पैसे उरत होते ना, त्याचीच ही." आत ते तांबूस कबुतर होतं. "आधी जवळच्या सीताबर्डीवरून सोडलं, मंग पुढं इंदोऱ्यावरून, मंग कामठीवरून. तिथला पत्ता तुमच्याच फॉर्मावर वाचला. आता कामठीचा रस्ता त्याले पाठ झाला."

"काहून?" मी विचारलं. 'का'च्या जागी तो घरचा शब्द माझ्या तोंडून निघून गेला, तेव्हा आम्ही दोघंही चमकलो.

"पोस्टकार्ड घरचे वाचते. हे वाचत नाही." त्यानं टोपली माझ्या हातात दिली, पण आपल्या बाजूची कडी लगेच सोडली नाही. "तुमच्याच फॉर्मातला प्रश्न आहे जी. घरातल्या माणसांची संख्या. आता एक लिहिलं आहे... बदलायचं का, ते याच्याजवळ सांगून धाडा. नाही बदलायचं, तर नुसतंच सोडून द्या. ते येईनच."

बसमध्ये टोपली मांडीवर होती आणि आतून कोणीतरी वेताला चोच मारत होतं.

तीन दिवस मी ते कबुतर ठेवलं. रोज तीस ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या तराजूनं. तीन दिवस स्वतःवरच संशय घेतला. चार भेटींवरून इतका मोठा निष्कर्ष काढायचा? कॉलेजात असं केलं असतं तर वही परत आली असती. पण मी चार भेटींत या माणसाचं जेवढं तपासलं होतं, तेवढं लोक वीस वर्षांच्या संसारात तपासत नाहीत. आणि प्रत्येक आकडा जुळला होता.

रविवारी सकाळी थंडी होती, आकाश स्वच्छ. बोटाएवढ्या कागदावर मी सुटण्याची वेळ लिहिली, सात वाजून दहा मिनिटं. खाली एकच आकडा लिहिला. दोन.

दोऱ्यानं ती चिठ्ठी पायाला बांधली. कबुतर गच्चीवरून उडालं, एक वळसा घेतला, दुसरा घेतला... आणि वाडीच्या दिशेला लागलं.

मी खाली आले. चहा घेतला. पुन्हा गच्चीवर गेले. ससाणे असतात, वीजतारा असतात. चिठ्ठी गळूनही पडू शकते. किंवा पोहोचली, आणि वाचणाऱ्यानं विचार बदलला... आठ वाजले. साडेआठ. आईनं दोनदा हाक मारली. नऊ.

गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून चार मिनिटं.

रुपराव दारात उभा होता, घामानं भिजलेला. शर्टाचं वरचं बटण नव्या दोऱ्यानं शिवलेलं. बोलायला श्वास नव्हता. त्यानं मूठ उघडून चिठ्ठी माझ्यापुढे धरली. मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन ओळी होत्या: 'पोहोचलं ७.३२. मी निघालो ७.३२.'

"कोण आलं वं?" आतून आईनं विचारलं.

मी चिठ्ठी घेतली, पेन घेतलं, आणि खाली लिहिलं:

कबुतर – बावीस मिनिटं.
सायकल – एक तास बत्तीस मिनिटं.