वायसर बसवायचा राहिला

पहिल्याच भेटीत इब्राहिमनं सायराला चिंब भिजवलं, आणि वर म्हणतो कसा, "तुमी लिवलं तसंच केलं की!"

आता याला काय म्हणावं? साल चौऱ्याऐंशी. पिरंगुटजवळच्या एका फवारणी पंपांच्या कारखान्यात दर शनिवारी काम सुटलं की वर्ग भरायचा. पंप कसा वापरायचा ते शेतकऱ्याला कळेल असं लिहायला पुण्याचे एक सर शिकवायचे. रीत अशी, की एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं कागदावर असेल तेवढंच करायचं. सायरानं 'तोटी उघडा' लिहिलं. तोंड कुणीकडं धरायचं, ते राहिलं. म्हणून काय समोरच्या बाईवर धरायची? टाकीत नुसतं पाणी होतं ते नशीब!

"डोळे फुटले का तुमचे?"

"डोळे हायेत म्हनूनच तर... नेम बराबर लागला."

सगळा वर्ग हसला. सायराला असा संताप आला की बोलायची सोय नाही. आणि हा बाबा रुमाल पुढं करून उभा! तिनं तो घेतला नाही.

तिला हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतंच मुळी. वर्गात जो सरस ठरेल त्याला माहितीपत्रकं लिहायच्या खात्यात खुर्ची मिळणार होती. सायरा पंप खोक्यात भरायच्या कामावर. अम्मीनं, कमरबीनं, बजावलं होतं, "खोकीच बांधायची तर घरी बस. स्थळं बघते मी."

सरांनी जोडी लावली ती नेमकी याच्याशी. मग काय, श्रावण सगळा भांडणात गेला. पत्र्याखाली बसून ती लिहायची, तो पंप जोडायचा, अडला की तिच्याकडं बघून भुवई उडवायचा. एकदा पत्रा गळायला लागला, तर यानं छत्री तिच्या कागदावर धरली आणि स्वतः निथळत राहिला. तेव्हाही ती चिडलीच... पण घरी जाताना उगाचच हसू येत होतं मेलं.

शेवटच्या शनिवारी पंप कसा जोडायचा ते प्रत्येकानं कागदावर लिहून दिलं. मॅनेजर हैबतराव आले आणि ते कागद न बघताच म्हणाले, "खुर्ची इब्राहिमला. पोरींचं काय, उद्या लग्न करून जाणार."

कागद न बघता! सायराच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सायेब, मला नको," इब्राहिम पुढं झाला. "सायराबाईंना द्या."

हे तर त्याहून वाईट. "तुमची खैरात मागितली का मी?" ती त्याच्यावर कडाडली. "आन सायेब, दोगांचे कागद घ्या, आन तुमीच पंप जोडून बघा!"

सरांनी हळूच पंप पुढं सरकवला. सगळ्या वर्गादेखत हैबतरावांना बाह्या सरसावाव्या लागल्या. सायराचा कागद वाचत त्यांनी पंप जोडला. छान फवारा उडाला. मग इब्राहिमचा कागद. त्यात नळीच्या सांध्यात रबरी वायसर बसवायचं लिहायचंच राहिलं होतं. हैबतरावांनी पंप पाठीला अडकवून दट्ट्या मारला मात्र, सगळं पाणी पाठीवरून पाटलोणीत! ते हसले नाहीत, पण खुर्ची सायराला द्यावी लागली.

दोघं पौडच्या स्टँडवर यष्टीतून उतरले तेव्हा सायराच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता.

"खरं सांगा... वायसर मुद्दाम विसरलात?"

इब्राहिम उसळलाच. "मुद्दाम? जीव तोडून लिवलं हुतं मी! सायबापुढं न्हाई म्हनलो ते न बघता दिली म्हनून. बगून दिली असती तर सोडली नसती! हरलो, आन तुमी मलाच इचारताय? लई राग आलाय तुमचा!"

त्याचे कान लालबुंद झाले होते. सायराला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! खुर्ची तिनं स्वतः मिळवली होती, आणि हा माणूस तिच्याशी बरोबरीनं भांडून हरला होता. आवडला तो तिला. फार आवडला.

"राग आलाय तर मग... अब्बांशी बोलायला कधी येताय?"

तो चाचरत म्हणाला, "म्हंजे... तुमी... खरंच?"

"न्हाई, थट्टा करतेय! तुमच्या अम्मीला संगं आना. आन उद्याच या. सोमवारपास्नं मला टायम न्हाई, नवं काम हाय."