मोहाखालचा वकील

"ओ साहेब, पाय उचला आधी!"

माझा आवाज तसा लहान नाहीच. मामा म्हणतो, आमच्या रितानं हाक मारली की बपेऱ्याच्या बाजारातली माणसं मागं वळून पाहतात. त्या दिवशी सकाळी माझ्या मोहाच्या झाडाखाली पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस उभा होता आणि झाडाला बॅनर बांधत होता. मी ओरडले तसा त्यानं खरंच पाय उचलला. एक पाय हवेत, दोन्ही हातांत दोरी, आणि डोळे खाली... साप शोधत.

"साप नाही, मोहफुलं आहेत," मी म्हटलं. "अन् तुम्ही त्यायचा चेंदा करून राहिले."

"माफ करा... दिसलीच नाहीत."

"एवढी पिवळी सडाच्या सडा फुलं दिसत नाही, अन् बॅनरवर म्हणे वकील!"

बॅनर अर्धा लोंबकळत होता. त्यावर लिहिलं होतं – आदिवासी विधी साहाय्य केंद्र, भंडारा. कायदा आपल्या दारी. वनहक्क दाव्यांसाठी मोफत मदत. आणि खाली, अ‍ॅड. भुपेंद्र मरसकोल्हे.

आता हे साहेब झाडाखाली का आले, तर त्याची पण गंमतच. दोन दिवस ते आमच्या सालईटोल्याच्या समाजमंदिरात टेबल-खुर्ची मांडून, भोंगा लावून बसले होते. दोन दिवसांत कोण आलं? सरपंचाच्या दोन शेळ्या! अहो, चैत महिना. मोह गळायचे दिवस. झुंजूमुंजू व्हायच्या आत सगळा टोला टोपल्या घेऊन जंगलात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, पणज्यापासून चालत आलेली. दुसऱ्याच्या मोहाखालचं एक फूल कोणी उचलत नाही.

"दारात कोणी आहे का, हे पाहून तरी दारी यायचं न," मी म्हटलं.

"म्हणूनच इथं आलो. कालच कळलं, सगळं गाव मोहाखाली असतं."

"आले ते बरं केलं. पण झाडाले हात लावायच्या आधी मालकाले पुसावं लागते. हे आमचं आहे."

"मग... आता शिक्षा?"

मी टोपली पुढं केली. "वेचा."

वेचलं की हो त्यानं! बाह्या दुमडून, उकिडवा बसून. सुरुवातीला ढेकळं उचलावी तसा मूठ भरून उचलत होता. मी चिमूट दाखवली. माझ्या बोटांकडं पाहून त्यानं बोटं तशी धरली, मग बोटांवरून नजर वर आली... आणि तिथंच थोडी थांबली. मी आपली पटकन दुसऱ्या बाजूची फुलं वेचायला लागले.

"माझी आजी देवरीकडची," तो म्हणाला. "मी नागपूरच्या वसतिगृहात वाढलो. हा वास पार विसरलो होतो."

"मग आता चांगला लक्षात ठेवा."

"ठेवणारच आहे," तो म्हणाला, आणि त्याचं बोलणं काही नुसत्या वासाबद्दल वाटलं नाही मला.

आमच्या गोंडांत माणूस मनात भरला की आधी त्याचं आडनाव पाहतात. कारण आडनावावरून देव कळतात. कोणाचे सात देव, कोणाचे सहा. सारखे देव असले की ते भाऊबहीण, तिथं सोयरीक होत नाही म्हणजे नाही. मरसकोल्हे सात देवांचे. मी उइके, सहा देवांची. म्हणजे अडचण काहीच नव्हती! टोपली अर्धी भरायच्या आत मी हे मनातल्या मनात जुळवून बसले होते. खोटं कशाला बोलू?

ऊन चढेपर्यंत वकिलाभोवती ही गर्दी झाली. भरलेल्या टोपल्या बाजूला, आणि पदराच्या गाठीतून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदच कागद. शेवटी माझ्या मायनं, पार्वताबाईनं, आपला कागद पुढं केला.

आमची जंगलाला लागून एक बांधी आहे, धानाची. माझ्या बाबांनी काढलेली. मी दोन वर्षांची असताना बाबा गेले, आणि त्या बांधीवर मायनं मला वाढवलं, बी.ए. केलं. तिचा वनहक्काचा दावा नामंजूर झाला होता. कारण एकच – पुरावा अपुरा. यंदा बांधी गेली, तर पावसाळ्यात तिथं धानाऐवजी वनखात्याची सागाची रोपं लागणार होती.

"अपिलाला अठरा दिवस उरलेत," त्यानं कागद वाचून सांगितलं. "दोन हजार पाचच्या डिसेंबरच्या आधीपासून तुम्ही ही जमीन कसता, हे दाखवावं लागेल. आणि दोन पुरावे लागतील, दोन. काही जुना कागद?"

माय नुसती मान हलवत राहिली. मग हळूच म्हणाली, "कागद नाही जी. बांधी गेली त मी कुठं जाऊ?"

"जाणार नाही," तो म्हणाला. मायच्या डोळ्यांत पाहून म्हणाला. मला तो तेव्हाच आवडला, फुलं वेचतानापेक्षा जास्त.

तेवढ्यात आला माझा मामा, तेजराम. मामा म्हणजे बोलायला बसला की सूर्य मावळेल. त्यानं वकिलाला गाव कोणतं, घरी कोण, सगळं विचारून घेतलं. मग वकिलानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि तुमचे देव किती, काका?"

"आमचे? सात! आम्ही मडावी न."

वकिलानं हातातल्या दाव्याकडं पाहिलं. त्यावर नाव होतं – पार्वताबाई डोमा मडावी. मग माझ्याकडं पाहिलं. दिव्यातलं तेल संपावं तसा चेहरा झाला त्याचा. मी लांब पाण्याचा गुंड भरत होते, मला यातलं अक्षर ऐकू आलं नाही; हे सगळं फार नंतर कळलं. मला ऐकू आलं ते एवढंच –

"रिताताई, थोडं पाणी देता का?"

ताई! सकाळी तर नुसतं 'तुम्ही, तुम्ही' चाललं होतं. अव माय, असा राग आला! पाणी दिलं, पण गुंड असा आपटला की मामानं दचकून विचारलं, "काय झालं वो?"

"कायचं काय! काही नाही!"

त्यानंतर तो दर दोन दिवसांनी भंडाऱ्याहून यायचा. मोहाखाली सतरंजी टाकून दावे लिहायचा, माझ्याकडून गावाच्या खुणा विचारून घ्यायचा. आणि दर वाक्याला ताई. रिताताई, नकाशा धरता का. रिताताई, ही पाण्याची बोडी कोणाची. एकदा माझ्या केसांत मोहाचं फूल अडकलं होतं. त्याचा हात पुढं आला... आणि मध्येच मागं गेला.

"ताई, तुमच्या केसांत... फूल आहे."

"राहू द्या. तुमाले काय त्रास देऊन राहिलं ते?"

"मला?" तो खाली पाहून म्हणाला. "फार त्रास देऊन राहिलं."

घ्या! तोंडानं ताई आणि डोळ्यांत भलतंच. हा माणूस नेमका आहे तरी कसा, मला काही उमजेना. घरी गेले आणि उगाच मायवर चिडले.

अपिलाला चार दिवस उरले, तरी पुरावा सापडला नव्हता. त्या दिवशी मी एकटीच पानाच्या द्रोणात मोहफुलं घेऊन बांधीकडं निघाले. तो मागून आला.

"ताई, कुठं निघाल्या?"

"बाबाले मोह द्यायले. सुकवून घरात भरायच्या आधी त्यायले द्यावं लागते. यंदा तुमच्या कागदाच्या नादात उशीर झाला. पुढच्या वर्षी बांधी राहते का नाही, कोणाले माहीत..." बोलता बोलता माझा आवाज फुटला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा रडले, आणि नेमकी त्याच्यासमोर.

तो नुसता बरोबर चालत राहिला.

बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साजाच्या झाडाखाली बाबांचा दगड आहे. आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं दगड रोवतात. मी धूळ-माती पदरानं पुसली, द्रोण ठेवला. वकील वाकून अक्षरं वाचायला लागला. वाचली. परत वाचली. मग बोट ठेवून मोठ्यानं वाचली.

"चिंधू मोतीराम उइके. मृत्यू चौदा मार्च दोन हजार तीन." तो ताडकन उठला. "दोन हजार तीन! रिताताई, हा दगड शेताच्या धुऱ्यावर आहे. म्हणजे तेव्हा धुरा होता, धुरा होता म्हणजे शेत होतं! तुम्ही मला आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही कागद मांगून राहिले होते! दगड कोणी मांगितला?"

"जमिनीवरची खूणही पुरावा असते! हा एक पुरावा. आणि दगड रोवताना जे हजर होते, त्या म्हाताऱ्यांचे जबाब हा दुसरा. झाले दोन!" तो हसला, आणि हसता हसता परत खाली वाकला. "उइके...? पण तुम्ही तर मडावी."

"मडावी माझी माय. डोमा म्हणजे तिचे बाबा. बाबा लमसेना होते, घरजावई. सासऱ्याच्या घरी राबले, इथंच राहिले. मायचं मतदान कार्ड कोणी बदललंच नाही, त्यावरूनच दावा भरला. अन् गावासाठी मी मामाच्याच घरची पोरगी."

"म्हणजे तुमचे देव..."

"सहा."

तो मटकन धुऱ्यावर बसला. कपाळाला हात लावला.

"तुमच्या मामानं सात सांगितले होते! चौदा दिवसांपासून मी... दर वेळी भंडाऱ्याहून येताना पाठ करून येतो, ताई म्हणायचं, ताई म्हणायचं..."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गालांवर पाणी होतं आणि मला हसू आवरेना.

"मग आता काय म्हणणार?" मी विचारलं.

"आधी अपील जिंकू दे," तो म्हणाला. "मग म्हणतो. बाबांच्या पुढ्यात उगाच शब्द देत नाही."

हे ऐकलं आणि मी बाबांच्या दगडाकडं पाहिलं. त्यांनाही माणूस पटला असणार.

ती बातमी टोल्यात अशी पसरली म्हणता! दुसऱ्या दिवशी पाहावं तर जो तो आपापल्या बांधीवर बादली घेऊन. कोणी आजोबाचा दगड धुतोय, कोणी सासूचा. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, एकोणीसशे शहात्तर... एकेक वर्ष मातीतून वर यायला लागलं. ज्यांचे दावे कचऱ्यात गेले होते, असे सव्वीस जण मोहाखाली रांगेत बसले.

भंडाऱ्याच्या सुनावणीला सात म्हातारे जबाब द्यायला आले. एक दिवसाचा मोह सोडून आले, ही आमच्याकडं साधी गोष्ट नाही. अपील ऐकणाऱ्या समितीतल्या एका साहेबांनी चष्मा वर करून म्हटलं, "दगड तर कुठंही रोवता येतो."

भुपेंद्र नियम दाखवायला उठला, पण मी त्याच्या आधीच उभी राहिले.

"साहेब, तुमच्या घरी गेलेला माणूस फोटोत राहते. आमचा माणूस धुऱ्यावर राहते. दुसऱ्याच्या जमिनीत आपला बाप कोणी ठेवते काय? या, पाहून जा!"

आवाज नेहमीचाच लागला. बाहेरचा शिपाई आत डोकावला.

आणि साहेब आले. स्वतः आले. धुऱ्यावर उभं राहून म्हाताऱ्यांना एकेक प्रश्न विचारला, दगडाचे फोटो घेतले, मोजणी केली. जाताना त्यांनी चपला काढून दगडाला हात जोडले. माय तेव्हा पदरात तोंड घालून रडली.

रोहिणी लागायच्या आधी ग्रामसभा भरली. कुठं? समाजमंदिरात नाही, आमच्या मोहाखाली. जमिनीचा पट्टा वाचला गेला, "पार्वताबाई चिंधू उइके." मायचं बरोबर नाव, बाबांच्या नावासकट. टाळ्यांनी झाड दणाणलं. मायनं कागद कपाळाला लावला आणि तशीच चालत बांधीकडं निघाली, बाबांना दाखवायला.

ती परत आली तरी लोक हलले नव्हते. तेव्हा भुपेंद्र उभा राहिला. शर्ट तोच पांढरा, पण कान लालेलाल.

"ग्रामसभेपुढं आणखी एक दावा आहे," तो म्हणाला. "माझा."

"तुमचा?" मामा म्हणाला. "तुमची कुठं बांधी आहे गा इथं?"

"बांधी नाही, काका. माझे देव सात, रिताचे सहा. रिताशी... मले लग्न करायचं आहे."

आहाहा! ताई गेली, मले आलं. बायकांत खसखस पिकली. मामानं मिशीवरून हात फिरवला.

"आमच्या घरी लमसेना राहावं लागन. शनिवार-रविवार चिखलात."

"राहतो."

"अन् दाव्याले पुरावे दोन लागते, तुम्हीच शिकवलं."

"एक आहे," भुपेंद्र म्हणाला. "पहिल्याच दिवशी हिच्यासाठी टोपलीभर मोह वेचला. अख्ख्या टोल्यानं पाहिला."

"अन् दुसरा?"

दुसरा काही त्याला सुचेना. सव्वीस दावे लिहिणारा वकील, पण नुसता माझ्याकडं पाहत उभा राहिला. मला काही राहवलं नाही. मी उठले, पदर खोचला आणि छातीभरून ओरडले,

"दुसरा पुरावा मी! लिहून घ्या, मामा!"

बपेऱ्यापर्यंत नक्की ऐकू गेलं असेल. जाऊ द्या की!